बोटाने मागवलेलं जेवण

टोकियोतल्या तीन आठवड्यांत आई सर्वात जास्त वेळ कुठे रेंगाळली असेल, तर एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या आठव्या मजल्यावर, तिथल्या उपाहारगृहाच्या दाराबाहेर. भिंतभर काचेचं कपाट होतं. फळ्यांवर ताटं आणि वाडगी मांडलेली. नूडल्सवर रस्सा चकाकत होता, आम्लेटच्या दुलईखाली भात झोपला होता, टेम्पुराची भजी आत्ताच कढईतून काढल्यासारखी दिसत होती. एका उंच ग्लासात गर्द हिरवा सोडा, त्यावर आइस्क्रीमचा गोळा, त्यावर लाल चेरी. प्रत्येकापुढे किमतीची छोटी पट्टी.

"आगं, हे सगळं असंच मांडून ठेवत्यात? खराब न्हाई हुत?"

मी म्हटलं, प्लॅस्टिकचं आहे. तिला ते पटायला पाच मिनिटं लागली. मग तिने चष्मा पुसला, एकेक फळी नीट पाहिली आणि काचेवर बोट टेकवून म्हणाली, "मला ह्यातलं हे."

माझी आई कराडजवळच्या गावात तीस वर्षं अंगणवाडी चालवून निवृत्त झाली. मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचते. इंग्रजी अक्षरं जुळवते, पण वाचत नाही. पुण्यात आम्ही तिला हॉटेलात नेतो तेव्हा तिचं एक ठरलेलं वाक्य असतं, "तुम्ही घ्याल ते." इतकी वर्षं मी त्याला तिचा स्वभाव समजत होते. तिला खाण्याची आवड नाही, ती अल्पसंतुष्ट आहे, वगैरे. त्या काचेसमोर कळलं की तो स्वभाव नव्हता, मेनूकार्ड होतं.

जिथली भाषा तिला ओ की ठो येत नाही अशा देशात आई आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं जेवण स्वतः निवडते, आणि घरापासून तीन तासांवरच्या शहरात ते तिला जमत नाही, याची मला लाज वाटली. तेव्हापासून माझं एक मत झालं आहे. काय मिळणार, केवढं मिळणार आणि खिशातून किती जाणार, हे माणसाला हॉटेलात पाऊल टाकण्याआधी, कोणालाही न विचारता कळायला हवं. ही हॉटेलवाल्याची मेहेरबानी असू नये, गिऱ्हाइकाचा हक्क असावा.

जपानमध्ये या नमुन्यांना 'शोकुहिन साम्पुरु' म्हणतात. 'साम्पुरु' म्हणजे आपलं 'सॅम्पल'च, जपानी तोंडातून आलेलं. परदेशी पाहुणे त्यांचे फोटो काढतात आणि हसतात. "खोटं अन्न" हा शब्द हटकून येतो. हवेत तरंगणाऱ्या काट्याला गुंडाळलेली स्पॅगेटी पाहून मीही हसले आहे. पण हे नमुने आले कुठून ते पाहिलं की हसू थोडं ओसरतं.

1923च्या महाभूकंपात टोकियो उद्ध्वस्त झालं. त्यानंतर निहोनबाशीतल्या शिरोकिया या स्टोअरच्या भोजनगृहात पदार्थांचे मेणाचे नमुने मांडले गेले. गिऱ्हाइकाने बाहेरच पाहावं, ठरवावं, तिकीट घ्यावं आणि मग आत बसावं, अशी सोय. गर्दी आवरायची होती, आणि येणारी माणसं अठरापगड होती. या कामाचा धंदा उभा केला तो इवासाकी ताकिझो यांनी. 1895 साली गिफू प्रांतातल्या गुजो हाचिमान या डोंगरातल्या गावी त्यांचा जन्म. लहानपणी वितळलेल्या मेणाचे थेंब पाण्यात पडून फुलासारखे उमलताना त्यांनी पाहिले होते, ते डोक्यात राहिलं अशी कथा सांगतात. 1932मध्ये ओसाकात त्यांनी कारखाना काढला. त्यांचा गाजलेला पहिला नमुना आम्लेटचा होता.

आम्लेटचाच का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. 1872मध्ये मेइजी सम्राटाने गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं आणि त्यानंतरच्या दोनतीन पिढ्यांत जपानी शहरांत पाश्चात्त्य वळणाच्या जेवणाची लाट आली. कोरोक्के म्हणजे बटाट्याची कटलेटं, ओमुराइसु म्हणजे आम्लेटखालचा भात, हायाशी राइस म्हणजे गोमांसाच्या रश्शाचा भात, कारे राइस म्हणजे करी-भात. स्टोअरच्या वरच्या मजल्यावर हे सगळं मिळायचं. पण खेड्यातून मुलाबाळांना घेऊन शहर बघायला आलेल्या शेतकऱ्याला 'कोरोक्के' म्हणजे काय हे कसं कळावं? नाव वाचता आलं तरी अर्थ लागत नाही. म्हणजे काचेचं हे कपाट विदेशी पर्यटकासाठी जन्मलेलंच नाही. परका होता तो पदार्थ, आणि बिचकलेलं गिऱ्हाईक जपानीच होतं. आपल्याच देशातल्या माणसाला आपल्याच शहरात अडाणी ठरू द्यायचं नाही, यासाठी कोणीतरी मेण वितळवलं. नव्वदएक वर्षांनी कराडच्या बाईला त्याचा उपयोग झाला तो त्याच कारणाने.

गुजो हाचिमानला मी गेले आहे. तिथे कारागीर आजही हे नमुने करतात आणि पाहुण्यांनाही दोनतीन प्रकार करू देतात. लेट्यूसची भाजी कशी होते ते बघण्यासारखं आहे. कोमट पाण्यावर आधी पांढरं मेण ओततात, त्याला लागून हिरवं. तो पातळ पापुद्रा कडेला धरून पाण्यात खाली ओढला की त्याला आपोआप शिरा आणि चुण्या पडतात. मग तो गुंडाळायचा. टेम्पुराचं आवरण उंचावरून पाण्यात मेण सांडून करतात, त्याची जाळी कोळंबीभोवती लपेटतात. आता धंद्याचे बहुतेक नमुने मेणाचे नसतात. मेण उन्हात मऊ पडतं, रंग उतरतो. खऱ्या पदार्थावरून सिलिकॉनचा साचा घेतात, त्यात व्हिनायल रेझिन ओततात, भट्टीत घट्ट करतात आणि हाताने रंगवतात. माशाच्या भाजलेल्या कडेचा करपट तपकिरी रंग, लिंबाच्या फोडीतला दाणा न् दाणा. मुद्दा असा की नमुना त्या त्या हॉटेलच्या ताटावरून बनतो. टोकियोत आसाकुसाजवळ काप्पाबाशी नावाचा सुमारे 800 मीटरचा रस्ता आहे, हॉटेलांना लागणाऱ्या सामानाची 170च्या आसपास दुकानं तिथे आहेत, आणि तयार नमुनेही मिळतात. पण हाडाचा हॉटेलवाला आपल्या वाडग्याचा, आपल्या मापाचा नमुना करून घेतो. कारण आत येणारं ताट काचेतल्या ताटापेक्षा लहान निघालं तर गिऱ्हाईक भांडायला मोकळं. म्हणून त्याला खोटं म्हणणं मला जिवावर येतं. रस्त्यावर, सगळ्यांदेखत दिलेला तो शब्द आहे.

किमतीचंही तसंच. 1 एप्रिल 2021पासून जपानमध्ये गिऱ्हाइकाला प्रत्यक्षात द्यावी लागणारी करासहित रक्कम दाखवणं बंधनकारक आहे. चलाख लोक तिथेही आहेत. कराशिवायचा आकडा ठळक आणि खरा आकडा मुंगीएवढा, असं सर्रास दिसतं. पण तो असतो. आईने बोट ठेवलेल्या वाडग्यापुढे 980 येन लिहिलं होतं आणि गल्ल्यावर 980च द्यावे लागले. टिप नाही, सेवाशुल्क नाही. गरम ओला रुमाल आणि चहा कोणी न मागता आला, त्याचेही पैसे नाहीत. आपल्याकडे मेनूकार्डाच्या तळाशी 'कर वेगळे' असतं आणि त्याखाली आणखी बारीक अक्षरांत सेवाशुल्क. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022मध्ये सांगितलं की हे शुल्क बिलात परस्पर लावता येणार नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, आणि मार्च 2025मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचं म्हणणं उचलून धरलं. एवढं होऊनही बिल आल्यावर "हे काढा" म्हणायचं धाडस करावं लागतं, आणि ते धाडस शेजारच्या टेबलासमोर करावं लागतं. आईसारख्या माणसाकडून ते होणार नाही.

जपानची आरती ओवाळायला मी बसलेले नाही. त्या कपाटात एक मोठी लबाडी आहे. आई माळकरी. तिने आधी बोट ठेवलं होतं ते बांबूच्या चटईवर मांडलेल्या गार सोबा नूडल्सवर. बाजूला वाटीत काळसर पाणी, कांद्याची हिरवी पात. याहून सात्त्विक काय असणार?

"आई, त्यात मासा आहे."

"कुठं दिसतोय?"

"दिसत नाही."

त्या वाटीतल्या पाण्याचा जीव म्हणजे 'दाशी'. कात्सुओ नावाचा मासा उकडतात, धुरी देऊन लाकडासारखा कडक वाळवतात, रंध्याने त्याचे पापुद्रे काढतात आणि त्यांचा अर्क काढतात. जपानी स्वयंपाकात हा अर्क आपल्या फोडणीसारखा सर्वत्र असतो, म्हणून तो सांगण्याजोगा घटक आहे असं कोणाला वाटतच नाही. जपानमध्ये राहायला आल्यावर पहिले आठ महिने मी तो आनंदाने प्यायले. "मांस नाही ना?" असं मोडक्या जपानीत विचारायचे आणि "नाही" असं खरं उत्तर मिळायचं. 'निकु' म्हणजे मांस, पण त्या शब्दात मासा येतच नाही. दोघंही खरं बोलत होतो. पाकीटबंद पदार्थांवर ॲलर्जीच्या ठरावीक घटकांची नोंद जपानी कायद्याने सक्तीची आहे, हॉटेलांना मात्र ती सक्ती नाही. तेव्हा डोळ्यांना दिसतं ते सारं सांगणारं ते कपाट न दिसणाऱ्याबद्दल मुकं असतं. तिथे आपला हिरवा ठिपका आणि 'शुद्ध शाकाहारी'ची पाटी कितीतरी पुढे आहेत. ज्या समाजाला ज्याची भीती, तेवढंच तो दारावर लिहितो, एवढंच यातून दिसतं.

इझाकायात, म्हणजे दारू आणि चटकमटक मिळणाऱ्या गुत्त्यांत, आणखी एक गंमत. बसल्याबरोबर न मागता एक चिमुकली वाटी पुढे येते. उकडलेल्या शेंगा, नाहीतर लोणच्यासारखं काहीतरी. पाहुणचार समजून खाल्ली की बिलात तिचे 300-400 येन लागलेले. 'ओतोशी' म्हणतात तिला. जपान्याला ते बसण्याचं भाडं आहे हे ठाऊक असतं. दाराबाहेर हे लिहिलेलं क्वचितच असतं, आणि परदेशी माणूस तिथे हमखास चिडतो. त्याचं चिडणं मला रास्त वाटतं. रीत जुनी असली म्हणून न सांगता घेतलेले पैसे न सांगताच घेतलेले असतात.

शिवाय कपाट सगळीकडे नाही. गिंझा या टोकियोच्या महागड्या भागातल्या नावाजलेल्या सुशीच्या दुकानात ना नमुना, ना दरपत्रक. फार तर 'जिका', म्हणजे 'बाजारभावाप्रमाणे', एवढं लिहिलेलं. क्योतोत काही जुनी घरं अशी की ओळखीच्या गिऱ्हाइकाने आणल्याशिवाय नवख्याला प्रवेश नाही, मग तो जपानी का असेना. जसजसं वर जावं तसतशी काच नाहीशी होते. तिथे गिऱ्हाइकाला माहीत असणं हीच प्रवेशाची फी असते. कपाट हे चारचौघांच्या जेवणाचं चिन्ह आहे, आणि मला त्याचं मोल वाटतं ते त्याचसाठी.

इंडोनेशियात पादांग शहराच्या पद्धतीच्या हॉटेलांनी हेच दुसऱ्या रीतीने साधलंय. दर्शनी काचेत भाज्या-मटणाच्या बशा मनोऱ्यासारख्या रचलेल्या असतात. आत बसलं की दहाबारा बशा थेट टेबलावर येतात, हात लावाल तेवढ्याचे पैसे. भाषेचं कामच नाही.

आपल्याकडे हे नव्हतं असंही नाही. मिठाईच्या दुकानात अख्खा व्यवहार बोटाने चालतो. "हे पाव किलो, ते चार पीस." आईला तिथे कधी अडलेलं मी पाहिलं नाही. सुटी मिठाई किती तारखेपर्यंत चांगली राहील हे ट्रेवर लिहावं, असा नियम ऑक्टोबर 2020पासून लागू झाला, म्हणजे काचेमागच्या मालाला बोलतं करणं सरकारला अगदीच अशक्य नाही. उडुपी हॉटेलातला भिंतीवरचा दरफलक, खानावळीबाहेर खडूने लिहिलेलं 'आज: मटकी, भाकरी, सोलकढी', हीसुद्धा आपली काचेची कपाटंच. पण हॉटेल जरा बरं झालं, एसी लागला, की पहिला जातो तो भिंतीवरचा फलक. त्याच्या जागी येतं जाड पुठ्ठ्याचं इंग्रजी मेनूकार्ड. कोविडनंतर तेही गेलं आणि टेबलावर क्यूआर कोडचा स्टिकर आला. फोन काढा, नेटवर्क शोधा, बारीक इंग्रजी अक्षरं दोन बोटांनी मोठी करत बसा.

आणि हे अशा राज्यात, जिथे पाटीवरून केवढं रामायण झालं! 2022मध्ये राज्याने दुकानं व आस्थापनांचा कायदा बदलून लहानमोठ्या सर्व दुकानांना देवनागरीत मराठी पाटी सक्तीची केली, मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत अशी अट घातली. व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर 2023मध्ये न्यायालयाने त्यांना दोन महिन्यांत पाट्या लावा म्हणून सांगितलं. पाट्या लागल्या. आता पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही बऱ्या हॉटेलचं नाव देवनागरीत झळकतं. आत गेलात की मराठी संपली. ज्या माणसासाठी ती पाटी लावली असं आपण म्हणतो, त्याला ती दारापर्यंत आणून सोडते. मराठीच्या नावाने काचा फोडणाऱ्यांपैकी कोणी मेनूकार्ड उघडून पाहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

हा प्रश्न केवळ भाषेचाही नाही. सार्वजनिक उपाहारगृहात कोणाला शिरू द्यायचं, यावर या देशात माणसांनी अपमान गिळले आहेत. चहाच्या दुकानात वेगळी कपबशी ठेवली जात होती. राज्यघटनेच्या कलम 15मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख करावा लागला तो उगाच नाही. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही तिथे अडवता येत नाही. दार घटनेने उघडलं. पण आत गेलेल्याला "आपलं इथं काम नाही" असं वाटायला लावायचे मार्ग पुष्कळ असतात, आणि न वाचता येणारं मेनूकार्ड हा त्यातला सगळ्यात सभ्य मार्ग. कोणी काही बोलत नाही, वेटर हसून उभा असतो, आणि माणूस स्वतःच म्हणतो, "तुम्ही घ्याल ते."

"आता इंग्रजी कोणाला येत नाही?" असं मला मित्रमंडळी विचारतात. 2011च्या जनगणनेत इंग्रजी येतं असं सांगणारे भारतीय दर दहांत एकाच्या आसपास होते. आणि ज्याला येतं त्याचं तरी काय? इंग्रजीत काय किंवा देवनागरीत काय, 'व्हेज कोल्हापुरी' म्हणजे काय हे कोल्हापूरकरालाही सांगता येणार नाही. 'सिझलर', 'अ ला कीव्ह', 'मेझे प्लॅटर' ही नावं लिपी बदलून उजळत नाहीत. म्हणून नुसत्या भाषांतराने भागणार नाही. मराठी नाव, खाली एका ओळीत त्यात काय काय आहे, ते किती जणांना पुरतं, आणि करासहित किंमत. जमलं तर चित्र. रेझिनचा नमुना परवडणार नाही हे मान्य, तो जपानमध्येही महाग पडतो आणि तिथेही टॅब्लेट त्याची जागा घेऊ लागला आहे. पण तिथला टॅब्लेट पुष्कळ ठिकाणी चारपाच भाषांत बोलतो आणि प्रत्येक पदार्थाचं चित्र दाखवतो. आपला क्यूआर कोड एकाच भाषेत बोलतो.

दुसरा आक्षेप असतो की सरकारने आता मेनूकार्डातही नाक खुपसायचं का? नाक केव्हाच आत आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020च्या नियमांनुसार दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या साखळी हॉटेलांना प्रत्येक पदार्थाचे उष्मांक मेनूवर छापावे लागतात. म्हणजे बर्गरात किती कॅलरी आहेत हे त्याच इंग्रजीत बारकाईने छापता येतं, मग तो बर्गर कशाचा आहे हे मराठीत छापायला जागा का पुरू नये? पाटीच्या कायद्यात एक ओळ वाढवली तरी पुरे: जिथे पाटी मराठी, तिथे दाराबाहेर मराठीत, करासहित दरपत्रक. चहाच्या टपरीला यातून सूट द्या, तिला त्याची गरजच नाही, तिथे सगळं समोर उकळत असतं.

त्या दिवशी आईने शेवटी निवडलं ते 'आन्मित्सु'. चायना ग्रासचे पारदर्शक चौकोन, लाल अझुकी बियांचं गोड पुरण, फळांच्या फोडी, वरून काळा पाक. मासा नाही, अंडं नाही, मी दोनदा विचारून घेतलं. वाडगं आलं तेव्हा तिने ते हातात धरून आधी काचेपर्यंत नेलं, आतल्या नमुन्याशेजारी लावून पाहिलं. चेरी दोन्हीकडे एकच होती. मग ती परत येऊन बसली आणि पाकासकट सगळं संपवलं.

दोन महिन्यांनी पुण्यात भावाच्या वाढदिवसाला आम्ही जेवायला गेलो. टेबलावर स्टिकर होता. भाऊ, वहिनी, भाचा, सगळ्यांनी फोन काढले. आईने इकडेतिकडे पाहिलं. पलीकडच्या टेबलावर कोणीतरी मागवलेलं ताट आलं होतं, त्यात काहीतरी लालभडक, वर कोथिंबीर. ती खुर्चीत पुढे सरकली आणि वेटरला त्या ताटाकडे बोट करून म्हणाली, "आमाला ते द्या."

भावाने हलकेच तिचा हात खाली घेतला. "आई, असं बोट दाखवू नये."